नर्स ॲनेस्थेटिस्ट म्हणजे काय? भूल देणारी नर्स भारतात होता येतं का?

बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतल्या एखाद्या 'सीआरएनए' नर्सचा व्हिडिओ पाहिलेला असतो, तिथला पगार ऐकून डोळे विस्फारलेले असतात, आणि मग विचारलं जातं, "हा कोर्स आपल्याकडे कुठे आहे?" धाराशिवसारख्या जिल्ह्यात या प्रश्नामागे आणखी एक कारण असतं. रात्री सिझेरियनची केस येते, सर्जन हजर, सिस्टर हजर, ओटी तयार, पण भूल द्यायला कोणी नाही म्हणून पेशंट सोलापूर किंवा लातूरला पाठवला जातो. हे ज्यांनी ड्युटीवर असताना पाहिलंय, त्यांना वाटणारच की हे काम आपण शिकलो तर?

उत्तर आधीच सांगून टाकतो. भारतात आजच्या घडीला नर्सला स्वतःच्या जबाबदारीवर भूल देण्याचा परवाना मिळवून देणारा कोणताही कोर्स नाही. तशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. पण विषय एवढ्यावर संपत नाही. या कामाच्या जवळ नेणारे मान्यताप्राप्त कोर्स आपल्याकडे आहेत, बाहेर जायचं असेल तर त्याचा रस्ता ठरलेला आहे, आणि हे शिक्षण पदव्युत्तर पातळीवरच का दिलं जातं हेही कळलं पाहिजे.

तीन वेगवेगळी माणसं

भूलतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. एमबीबीएस झाल्यावर तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांचा डिप्लोमा केलेला. नर्स ॲनेस्थेटिस्ट म्हणजे आधी पूर्ण नर्स, मग आयसीयूचा अनुभव, आणि त्यानंतर भूलशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली व्यक्ती. तिसरा म्हणजे ॲनेस्थेशिया टेक्निशियन किंवा टेक्नॉलॉजिस्ट. तो नर्स नसतो, डॉक्टरही नसतो. मशीन तपासणं, औषधं-नळ्या तयार ठेवणं, भूलतज्ज्ञाला हाताखाली मदत करणं हे त्याचं काम. जाहिरातींमध्ये या तिघांची जी खिचडी करतात, फसवणूक बहुतेक वेळा तिथेच सुरू होते.

इंजेक्शन पाच मिनिटांचं, काम तासाभराचं

"भूल म्हणजे कमरेत एक सुई, त्यात काय एवढं?" असं बरेच जण म्हणतात. ओटीत रोज पाहणाऱ्या नर्सलाही कधीकधी तसंच वाटतं. म्हणून सिझेरियनचंच उदाहरण घेऊया.

बहुतेक सिझेरियन स्पायनल भूल देऊन होतात. कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून बुपिव्हाकेन नावाचं औषध साधारण दोन मिलिलिटर सोडतात. काही मिनिटांत कमरेखालचा भाग बधिर होतो. इथपर्यंतचं काम हाताच्या सवयीचं आहे. पण हेच औषध रक्तवाहिन्या सैल करतं आणि बीपी धाडकन खाली येतं. त्यात बाळाच्या वजनाने पोटातली मोठी शीर दाबली जात असते, म्हणून उजव्या कुशीखाली उशी किंवा वेज ठेवून आईला थोडं डावीकडे कलतं करावं लागतं. बीपी सावरायला फेनिलेफ्रिन किंवा मेफेंटरमिन कोणत्या क्षणी आणि किती द्यायचं हे नाडी बघून ठरवायचं. औषध फार वर चढलं तर हात जड होतात, श्वास अडतो, आणि तेव्हा काही क्षणांत घशात नळी घालून श्वास आपल्या हातात घ्यावा लागतो. स्पायनल येणाऱ्या माणसाला पूर्ण भूलही यावीच लागते, ती याच कारणाने.

आता मॉनिटरकडे बघूया, कारण तंत्रज्ञानाचा खरा खेळ इथे आहे. बोटाला लावतो तो पल्स ऑक्सिमीटर कोविडनंतर घराघरांत पोचला. तो लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून सोडतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनने किती ऑक्सिजन धरलाय ते सांगतो. अडचण अशी की श्वास थांबला तरी हा आकडा लगेच पडत नाही. फुप्फुसात साठलेल्या ऑक्सिजनवर शरीर काही वेळ काढतं, आणि स्क्रीनवर 98 दिसत राहतं. आकडा घसरायला लागतो तेव्हा हातात थोडाच वेळ उरलेला असतो. गर्भवती बाईत तर तो आणखी कमी, कारण तिच्या फुप्फुसातला साठा कमी आणि ऑक्सिजनची गरज जास्त.

म्हणून कॅप्नोग्राफ लागतो. तो बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो आणि प्रत्येक श्वासाची एक चौकोनी लाट स्क्रीनवर काढतो. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली तर लाट येतच नाही किंवा दोन-चार श्वासांत विरून जाते. म्हणजे ऑक्सिमीटर जे उशिरा सांगतो, ते कॅप्नोग्राफ लगेच सांगतो. पण लाट सपाट झाली की नळी चुकली, नळी निघाली, सर्किट सुटलं की हृदय थांबलं, हे मशीन सांगत नाही. ते ओटीत उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचं असतं.

ही ठरवण्याची कुवत सहा महिन्यांच्या कोर्समध्ये येत नाही. अनेक देशांत हे शिक्षण पदवीनंतर ठेवलंय ते एवढ्यासाठी.

धाराशिवचा हिशोब

2011 च्या जनगणनेत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या 16,57,576 होती. भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने दर लाख लोकांमागे किमान 5 भूलतज्ज्ञ डॉक्टर असावेत असं सुचवलंय. गुणाकार केला तर या एका जिल्ह्याला सुमारे 83 भूलतज्ज्ञ लागतात, तेही पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येला. जिल्ह्यातल्या कोणत्याही ओटी सिस्टरला हा आकडा सांगा, ती हसेल.

जिल्हा आठ तालुक्यांचा. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. 2018 मध्ये केंद्राने देशभरातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चारच होते: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आपला. सिझेरियन करणाऱ्या सरकारी रुग्णालयाला 'प्रथम संदर्भ केंद्र' म्हणतात. तिथे चोवीस तास सिझेरियन, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठा या तिन्ही गोष्टी असाव्या लागतात. इमारत बांधता येते, रक्ताचा फ्रीजही आणता येतो, पण परंड्याला किंवा उमरग्याला रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ आणणं त्याहून अवघड. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून केसमागे मानधन देऊन खासगी भूलतज्ज्ञाला बोलावता येतं, पण त्यासाठी तो जवळपास राहत असला पाहिजे ना.

यावर सरकारने काढलेला मार्ग नर्सचा नव्हता, तो एमबीबीएस डॉक्टरचा होता. 'लाइफ सेव्हिंग ॲनेस्थेटिक स्किल्स', म्हणजे एलएसएएस, या नावाने 18 आठवड्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. प्राथमिक किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या एमबीबीएस डॉक्टरला मेडिकल कॉलेजमध्ये आणि जिल्हा रुग्णालयात शिकवून तातडीच्या बाळंतपणापुरती भूल द्यायला तयार करायचं. कल्पना चांगली. अनुभव मात्र अनेक राज्यांतून असा नोंदला गेला की प्रशिक्षण घेतलेले सगळेच पुढे भूल देत नाहीत. कुणाची बदली होते, कुणाला हाताखाली पुरेशा केस मिळत नाहीत, कुणाला एकट्याने जबाबदारी घ्यायची भीती वाटते. माझ्या मते ही भीती अगदी रास्त आहे. पाठीशी वरिष्ठ नसेल तर 18 आठवडे कमीच पडतात.

2022-23 पासून धाराशिवमध्ये 100 एमबीबीएस जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. मेडिकल कॉलेज म्हटलं की भूलशास्त्राचा विभाग आलाच. त्याचा परिणाम दिसायला वेळ लागेल, पण शिकण्यासाठी सोलापूर, लातूर किंवा अंबाजोगाईलाच जावं लागायचं, ते हळूहळू बदलू शकतं. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे पुन्हा येईल.

जाता जाता एक इतिहास. हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि 1888 व 1889 चे दोन प्रसिद्ध क्लोरोफॉर्म कमिशन त्याच हैदराबादेत बसले होते. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हा वाद सोडवायला. तिथल्याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी जगातल्या अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये गणल्या जातात. म्हणजे भूल या विषयात आपला मुलूख काही नवखा नाही.

अमेरिकेत हे शिक्षण कसं चालतं

तिथे नर्स भूल देतात हे काही अलीकडचं नाही. सिस्टर मेरी बर्नार्ड यांनी 1877 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एरी गावच्या रुग्णालयात हे काम सुरू केलं. मेयो क्लिनिकच्या ॲलिस मॅगॉ यांनी 1906 मध्ये 14,000 हून जास्त भुलींचा आढावा छापला, आणि त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. नर्स ॲनेस्थेटिस्टांची राष्ट्रीय संघटना 1931 मध्ये ॲगथा हॉजिन्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तरी डॉक्टरांनी कोर्टात खेचलंच. डॅगमार नेल्सन या नर्सवर 'परवान्याशिवाय डॉक्टरकी' केल्याचा दावा होता, आणि 1936 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. तिथला अधिकार निव्वळ कोर्स काढून आलेला नाही. आधी काम, मग संघटना, मग कोर्ट, मग कायदा असा तो आला. आपल्याकडे बरेच जण कोर्सपासून सुरुवात करतात आणि कायद्याचं नावच काढत नाहीत.

आजचा रस्ता असा. नर्सिंगची पदवी आणि आरएन परवाना. मग आयसीयूमध्ये किमान एक वर्ष पूर्णवेळ काम, प्रत्यक्षात प्रवेश मिळणाऱ्यांकडे बहुधा जास्तच असतं. त्यानंतर साधारण तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. आधी मास्टर्स पुरायचं, पण जानेवारी 2022 पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेट पातळीचाच अभ्यासक्रम करावा लागतो. त्यात किमान 2,000 तास प्रत्यक्ष क्लिनिकल काम. लहान मुलं, म्हातारी माणसं, बाळंतपण, हृदयाच्या आणि डोक्याच्या शस्त्रक्रिया, असं प्रत्येक प्रकारचं काम किती केलं याची केसनिहाय नोंद ठेवावी लागते. शेवटी राष्ट्रीय परीक्षा, आणि ती पास झाली की सीआरएनए.

सुरुवातीचे महिने सिम्युलेटरवर जातात. मॅनिकिन म्हणजे श्वास घेणारा, नाडी लागणारा, घसा सुजवता येणारा पुतळा. शिक्षक काचेमागे बसून त्याचं बीपी पाडतो, ऑक्सिजन घसरवतो, आणि विद्यार्थी काय करतो ते बघतो. नंतर व्हिडिओ लावून चर्चा होते. नळी घालायची सवय हातांना लागावी म्हणून वेगळी अर्धी डोकी असतात, मणक्यात सुई घालायला रबरी पाठ असते. हे सगळं महागडं वाटतं, पण साधे मॅनिकिन आपल्या नर्सिंग कॉलेजांच्या स्किल लॅबमध्येही असतात. अनेकदा ते कपाटात बंद असतात, एवढाच फरक.

इथून तिथे जायचं असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. एनसीएलईएक्स-आरएन परीक्षा मुंबईत देता येते, पण सीआरएनएच्या प्रवेशासाठी आयसीयूचा अनुभव अमेरिकेतला लागतो. सोलापूर-पुण्यातल्या आयसीयूची पाच वर्षं तुम्हाला नोकरी मिळवून देतील, कोर्सच्या अर्जात मोजली जाणार नाहीत. म्हणजे परीक्षा, व्हिसा, तिथे नोकरी, मग अर्ज, मग तीन वर्षं. एजंट हा हिशोब सांगत नाहीत.

बाकीचे देश

फ्रान्समध्ये नर्स झाल्यावर दोन वर्षांचं, मास्टर्स दर्जाचं शिक्षण आहे. स्वीडनमध्ये पदवीनंतर एक वर्षाचं. ब्रिटनमध्ये 'ॲनेस्थेशिया असोसिएट' नावाचा वेगळा केडर आहे, त्यात नर्स आणि विज्ञान पदवीधर दोघांनाही जाता येतं. डिसेंबर 2024 पासून त्यांची नोंदणी तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे आली, आणि त्यांच्या कामावरून व नावावरूनही तिथे अजून वाद चालू आहेत. शेजारच्या नेपाळात ॲनेस्थेशिया असिस्टंट हा प्रशिक्षित केडर डोंगराळ जिल्ह्यांतली रुग्णालयं चालती ठेवतो. परिस्थितीने आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण तेच.

मग भारतात नर्सने काय करायचं?

तीन दारं उघडी आहेत. तिन्हींची किंमत सारखी नाही.

पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं म्हणजे 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर'. भारतीय नर्सिंग परिषदेने 2016-17 च्या सुमारास आणलेला हा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी. नर्सिंग, परिषदेची नोंदणी आणि किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो, शक्यतो क्रिटिकल केअरमधला. जीएनएम झालेल्यांना आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं. वर्गापेक्षा वॉर्डात जास्त वेळ जातो. ॲडव्हान्स्ड फार्माकॉलॉजी, पॅथोफिजिऑलॉजी, रुग्णतपासणी, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची काळजी, असा गाभा. अमेरिकेतल्या सीआरएनएच्या पहिल्या वर्षात जे पायाचे विषय असतात, त्यांच्याशी याचं बरंच साम्य आहे. पण लक्षात घ्या, हा कोर्स करून ओटीत भूल देण्याचा अधिकार मिळत नाही. रुग्णालयाने ठरवलेल्या लेखी प्रोटोकॉलच्या चौकटीतच काम करायचं असतं. महाराष्ट्रात याचा प्रसार अजून फारसा झालेला नाही, म्हणून प्रवेशाआधी परिषदेच्या वेबसाइटवर त्या वर्षाची मान्यता तपासा.

दुसरं, 'पोस्ट बेसिक डिप्लोमा इन ऑपरेशन रूम नर्सिंग', एक वर्षाचा. ओटीतच काम करायचं ठरलेलं असेल तर हा थेट उपयोगी. भूलतज्ज्ञाच्या शेजारी उभं राहून काम करणारी प्रशिक्षित नर्स किती फरक पाडते, हे भूलतज्ज्ञालाच विचारा. लॅरिंगोस्कोपचा बल्ब आधी लावून बघणं, एक नंबर लहान नळी हाताशी ठेवणं, सक्शन चालू असणं, घसा अवघड वाटला तर बूजी पुढे करणं. एकच भूलतज्ज्ञ दोन टेबलं सांभाळतो अशा ठिकाणी तर जीव यावरच वाचतो. (दोन टेबलं एकाने सांभाळावीत का, हा प्रश्न वेगळा. सांभाळू नयेत.)

तिसरं दार नर्ससाठी नाहीच, पण बारावीनंतर निर्णय घेणाऱ्यांसाठी आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी, तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यात ऑपरेशन थिएटर आणि ॲनेस्थेशिया तंत्रज्ञ असे विषय येतात. 2021 च्या केंद्रीय कायद्याने सहयोगी आरोग्य व्यवसायांची वेगळी यादी केली, त्यात ॲनेस्थेशिया असिस्टंट आणि टेक्नॉलॉजिस्ट यांचा उल्लेख आहे. पदविका असेल तर किमान 2,000 तासांचं शिक्षण असलं पाहिजे, असं तो कायदाच म्हणतो. कुणी सहा महिन्यांत ॲनेस्थेशिया डिप्लोमा देत असेल तर 2,000 भागिले दिवस, हा हिशोब तिथेच करून बघा. म्हणजे सुट्टी न घेता रोज जवळपास 11 तास.

"सिस्टर, तुम्हीच द्या"

हे लिहिल्याशिवाय लेख पुरा होत नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये किरकोळ ऑपरेशनला भूलतज्ज्ञ बोलावत नाहीत आणि सर्जनच म्हणतो, "सिस्टर, केटामिन तुम्हीच द्या, मी आहे ना." डॉक्टरच्या लेखी आदेशाने औषध देणं हे नर्सचं काम आहे. भुलीची जबाबदारी घेणं नाही. सर्जन हात धुऊन पोटात गुंतलेला असतो, तेव्हा पेशंटच्या डोक्याशी तुम्ही एकट्याच असता. श्वास थांबला तर तो 'आहे ना' काही कामाचा नसतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 प्रमाणे नोंदणीशिवाय डॉक्टरकी केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नाही म्हणायला जड जातं, नोकरी जाईल ही भीती खरी असते. निदान एवढं करा: आदेश लेखी मागा, भूल कोणी दिली या रकान्यात स्वतःचं नाव लिहू देऊ नका, आणि ऑक्सिजन, सक्शन व अम्बू बॅग हाताशी असल्याशिवाय कोणत्याही पेशंटला गुंगीचं औषध देऊ नका.

पुढे काही बदलेल का?

दार अगदीच बंद नाही. 1947 च्या नर्सिंग परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायदा 2023 मध्ये संसदेत मंजूर झाला. नर्स प्रॅक्टिशनरच्या भूमिका वाढवायच्या असतील तर त्या याच मार्गाने वाढतील. भूलतज्ज्ञांचा विरोध असणार हे गृहीत धरा, आणि त्यातला सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे हेही. परंड्याच्या बाईला शहरातल्या बाईपेक्षा कमी शिकलेल्या हाताची भूल का मिळावी, असं कुणी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. ते उत्तर म्हणजे पूर्ण दोन-तीन वर्षांचं शिक्षण, मोजलेल्या केसेस, प्रत्येक टेबलावर कॅप्नोग्राफ, आणि फोनवर तरी उपलब्ध असलेला वरिष्ठ भूलतज्ज्ञ.

तोवर धाराशिवच्या नर्सिंगच्या विद्यार्थ्याला मी सांगेन ते असं: पदवी झाल्यावर पहिली नोकरी आयसीयूत धरा, जनरल वॉर्डात थोडे जास्त पैसे मिळत असले तरी. व्हेंटिलेटर, आर्टरियल लाइन, बीपी वाढवणारी इन्फ्युजन या तिन्हींवर हात बसू द्या. पुढे क्रिटिकल केअर प्रॅक्टिशनर करा, ऑपरेशन रूमचा डिप्लोमा करा नाहीतर परदेशी जा, तिन्हीकडे हाच अनुभव कामी येतो. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या भूलशास्त्र विभागात सीपीआर किंवा एअरवेचं वर्कशॉप असेल तर नर्सना बसू देतात का ते विचारा. आणि कोर्सची फी भरण्याआधी संस्थेकडून चालू वर्षाचं मान्यतापत्र मागून घ्या, त्यावर परिषदेचं किंवा विद्यापीठाचं नाव आणि मंजूर जागांचा आकडा आहे का बघा, मग तोच आकडा त्या परिषदेच्या किंवा विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या यादीशी जुळवा.